सोयाबीन, आतड्यातले जीवाणू आणि बाईची नवी ‘कमतरता’

पाळी जाण्याच्या वयाला आलेल्या बाईला सल्ल्यांची वाण कधीच पडत नाही. शतावरी घे, कॅल्शियम घे, फिरायला जा, मन रमव, चिडचिड करू नकोस. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या यादीत सोयाबीनची भर पडली आहे. ‘सोयाबीन खा, अंगातून वाफा येणार नाहीत, जपानी बायकांना बघा, त्यांना काही त्रासच होत नाही,’ असं वर्तमानपत्रांच्या पुरवण्या सांगतात, ओळखीपाळखीचे सांगतात आणि औषधांच्या दुकानातल्या आयसोफ्लेव्होनच्या गोळ्यांची बाटलीही सांगते. दुसरीकडे तितक्याच जोरात भीती घातली जाते. सोयाबीनने म्हणे स्तनाचा कर्करोग होतो, पुरुष बायकी होतात.

या दोन्ही आरडाओरड्यांच्या मधे एक शास्त्रीय गोष्ट आहे. ती थोडी गुंतागुंतीची आहे, पण आपल्याला समजू नये इतकी नाही. आपल्या गटांमध्ये ती समजून घेतली पाहिजे असं मला वाटतं, कारण बाईच्या शरीराला आधी ‘कमी’ ठरवायचं आणि मग ती कमतरता भरून काढायला माल विकायचा, ही जुनी रीत इथे अगदी ताज्या रूपात दिसते.

मूळ गोष्ट काय आहे?

सोयाबीनच्या दाण्यात आयसोफ्लेव्होन नावाची द्रव्यं असतात. त्यांतली डेडझेइन आणि जेनिस्टेइन ही दोन महत्त्वाची. त्यांची रचना बाईच्या शरीरातल्या इस्ट्रोजेन या संप्रेरकाशी मिळतीजुळती असते. पेशीतल्या ज्या कुलपात इस्ट्रोजेनची किल्ली बसते, त्या कुलपात ही किल्लीही बसते, मात्र बरीच सैल. शिवाय कुलपं दोन प्रकारची आहेत, अल्फा आणि बीटा. त्यांतलं बीटा तर १९९६ साली उजेडात आलं. इस्ट्रोजेन दोन्हींत बसतं, सोयाबीनची द्रव्यं मुख्यतः बीटामध्ये बसतात. त्यामुळे ‘सोयाबीन म्हणजे वनस्पतीतलं इस्ट्रोजेन’ हे सरसकट विधान अर्धवटच आहे.

खरी गंमत पुढे आहे. दाण्यात ही द्रव्यं साखरेला जोडलेली असतात. आतड्यातले जीवाणू ती साखर सोडवतात, तेव्हा कुठे द्रव्य रक्तात जाण्याजोगं होतं. काही जीवाणू तिथेच न थांबता डेडझेइनवर आणखी काम करतात आणि त्यातून ‘इक्वॉल’ नावाचं नवं द्रव्य तयार करतात. उजव्या आणि डाव्या हातासारखी इक्वॉलची दोन रूपं असू शकतात. जीवाणू त्यांतलं एकच रूप बनवतात आणि बीटा कुलपाशी तेच रूप चांगलं जुळतं. डेडझेइनपेक्षा इक्वॉल अधिक प्रभावी असतं आणि रक्तात अधिक काळ टिकतं. ते सोयाबीनमध्ये नसतं आणि आपल्या पेशीही ते बनवत नाहीत. ते बनवतात ते आपल्या पोटात वस्तीला असलेले जीव.

आता मुद्द्याची गोष्ट. हे काम करणारे जीवाणू सगळ्यांच्या पोटात नसतात. जपान, चीन, कोरियात साधारण निम्म्या किंवा त्याहून थोड्या जास्त माणसांच्या शरीरात सोयाबीन खाल्ल्यावर इक्वॉल तयार होतं. अमेरिका-युरोपात हे प्रमाण चौघांत एक, फार तर तिघांत एक. बाकीच्यांच्या पोटात डेडझेइनचं दुसरंच काही होतं, किंवा ते तसंच राहतं. नुसतं सोयाबीन खात राहिल्याने इक्वॉल न बनवणारी बाई सहसा बनवणारी होत नाही. म्हणजे दोन बायका एका ताटात बसून एकच भाजी खातील आणि एकीच्या रक्तात जे उतरेल ते दुसरीच्या रक्तात उतरणार नाही.

घोडी, मेंढी आणि मग बाई

इक्वॉलचा इतिहास बघण्यासारखा आहे. ते पहिल्यांदा सापडलं १९३२ साली, गाभण घोडीच्या मुतात. शोध लावणारे मॅरियन आणि हेझलवुड हे दोन शास्त्रज्ञ. नावही घोड्यावरूनच ठेवलं. त्या वेळी त्यांना त्यात संप्रेरकाचा काही गुण दिसला नाही, म्हणून ते बाजूला पडलं. १९४०च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात एका जातीचं क्लोव्हर गवत खाणाऱ्या मेंढ्या वांझ होऊ लागल्या. मेंढपाळांचं नुकसान होऊ लागलं तेव्हा चौकशी सुरू झाली. त्या गवतातल्या द्रव्याचं मेंढीच्या पोटात इक्वॉल होत होतं आणि दिवसरात्र तेच गवत खाल्ल्यामुळे ते शरीरात प्रचंड साठत होतं. माणसाच्या लघवीत इक्वॉल असल्याचं कळायला १९८२ साल उजाडलं.

मेंढीची ही गोष्ट आजही सोयाबीनविरोधी प्रचारात वापरली जाते. पण फक्त क्लोव्हरवर जगणारी मेंढी आणि आठवड्यातून दोनदा सोयावडीची भाजी खाणारी बाई यांची बरोबरी होत नाही. उंदरांचंही तसंच. प्रयोगशाळेतले जवळपास सगळेच उंदीर इक्वॉल बनवतात, माणसांत ते काहींनाच जमतं. तेव्हा उंदरावर दिसलेला फायदा असो वा तोटा, तो बाईला जसाच्या तसा लावता येत नाही. ‘संशोधनाने सिद्ध झालं आहे’ असं कुणी म्हणालं की आपण आधी विचारायला हवं, कुणावर?

सरासरीत हरवलेल्या बायका

हे कळल्यावर एक जुनं कोडं थोडं उलगडतं. सोयाबीनने वाफा कमी होतात का, यावर कितीतरी प्रयोग झाले. काहींत थोडा फायदा दिसला, काहींत काहीच नाही. बहुतेक प्रयोगांत सगळ्या बायका एकाच गठ्ठ्यात बांधल्या होत्या आणि कुणाच्या पोटात काय घडतं हे पाहिलेलंच नव्हतं. केनेथ सेचेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली हाच मुद्दा जोरात मांडला. इक्वॉल बनवणाऱ्या आणि न बनवणाऱ्या बायका वेगळ्या करा, नाहीतर एकीचा फायदा दुसरीच्या आकड्यात बुडून जाईल, असं त्यांचं म्हणणं होतं.

‘बाई’ नावाची एकच एक वस्तू नसते, हे आपण जात, वर्ग, धर्म, गाव-शहर या संदर्भात गेली कित्येक वर्षं सांगत आलो. आतड्याच्या पातळीवरही ते खरं निघालं. मात्र या शोधाचं पुढे काय झालं ते बघू या.

इक्वॉल न बनवणाऱ्या बायकांना ते बाहेरून द्यायचं, अशी कल्पना पुढे आली. जपानमधल्या ओत्सुका कंपनीने सोयाबीनचे अंकुर जीवाणूंकडून आंबवून इक्वॉलच्या गोळ्या तयार केल्या आणि २०१४ साली जपानच्या बाजारात आणल्या. त्याआधी २०१२ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. इक्वॉल न बनवणाऱ्या, पाळी गेलेल्या जपानी बायकांना बारा आठवडे रोज १० मिलिग्रॅम इक्वॉल दिलं. त्यांच्या वाफा सुमारे ५९ टक्क्यांनी कमी झाल्या. निकाल चांगला वाटतो ना? पण ज्या बायकांना नुसती दिखाऊ गोळी दिली होती, त्यांच्याही वाफा सुमारे ३५ टक्क्यांनी कमी झाल्या होत्या. रोजच्या आकड्यात सांगायचं तर एका गटात दिवसाला साधारण दोन वाफा कमी, दुसऱ्या गटात एक. म्हणजे गोळीचा स्वतःचा वाटा दिवसाला एका वाफेचा. ज्या बाईला दिवसातून चार वेळा घामाने भिजायला होतं, तिला एक वाफ कमी होणंही मोलाचं असेल, हे मी नाकारत नाही. पण जाहिरात ५९ टक्के सांगते आणि ३५ टक्के गिळते. शिवाय हा प्रयोग कंपनीशी संबंधित संशोधकांचाच होता, हेही लक्षात ठेवायला हवं.

रजोनिवृत्तीवर काम करणाऱ्या उत्तर अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ साली संप्रेरकांशिवायच्या उपचारांचा आढावा घेतला. वाफांवर उपचार म्हणून सोयाबीनचे पदार्थ, सोयाबीनचा अर्क आणि इक्वॉल, या तिन्हींची शिफारस करता येत नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. हा आढावा गोळ्यांच्या बाटलीवर कुणी छापणार नाही.

जपानी बाईची दंतकथा

‘जपानी बायकांना त्रासच होत नाही’ हे वाक्य कुठून आलं? मार्गारेट लॉक या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी जपानमधल्या आणि उत्तर अमेरिकेतल्या मध्यमवयीन बायकांशी बोलून केलेला मोठा अभ्यास १९९३ साली पुस्तकरूपाने आला. जपानी बायकांनी वाफांची तक्रार खूप कमी केली होती. वाफेसाठी त्यांच्या भाषेत नेमका स्वतंत्र शब्दही नव्हता. खांदे भरून येणं, डोकं दुखणं, थकवा या तक्रारी मात्र होत्या. लॉकबाईंनी याचं उत्तर एका कडधान्यात शोधलं नाही. शरीर, आहार, कामाचं ओझं, सासू-सासऱ्यांची सेवा, म्हातारपणाकडे बघण्याची समाजाची नजर हे सगळं एकमेकांत विणलेलं असतं आणि त्यातून त्या-त्या ठिकाणचं शरीर घडतं, असं त्यांनी मांडलं. बाजाराने त्या विणीतून सोयाबीनचा एक धागा ओढून काढला आणि बाटलीत भरला.

त्यातही आता गंमत अशी, की ज्या जपानी बाईचं उदाहरण जगाला दिलं जात होतं, तिलाच इक्वॉलच्या गोळ्या विकल्या जात आहेत. घरी लघवीचा नमुना घेऊन पाठवायचा, तुम्ही ‘बनवणाऱ्या’ की ‘न बनवणाऱ्या’ ते कळतं. न बनवणारी ठरलात की रोजची गोळी. न बनवणं हा आजार नाही. जगातली निदान निम्मी माणसं ते बनवत नाहीत आणि सुखाने जगतात. पण मोजता येण्याजोगी एक नवी ‘कमतरता’ तयार झाली, आणि कमतरता आहे म्हटल्यावर गिऱ्हाईकही तयार झालं. शरीराशरीरांतला फरक सांगणाऱ्या शोधाचा उपयोग बायकांची प्रतवारी लावायला झाला.

पिकवते कोण, खाते कोण?

आता आपल्याकडे येऊ. सोयाबीन आपल्याला परकं नाही. महाराष्ट्र हे देशातलं सोयाबीनचं एक प्रमुख राज्य आहे. लातूर, वाशीम, अकोला, अमरावती या भागांत गेल्या तीस-चाळीस वर्षांत खरिपाची ज्वारी, मूग, उडीद मागे हटले आणि शिवारच्या शिवार सोयाबीनखाली गेलं. पेरणीला, खुरपणीला, काढणीला बाई वाकलेली असते. तणनाशकं आली तशी खुरपणीची मजुरीही आटली. शेताच्या सातबारावर तिचं नाव नसतं. २०२४-२५ साठी सरकारने क्विंटलला ४,८९२ रुपये हमीभाव जाहीर केला आणि बाजारात माल त्याखाली विकला गेला. तो तोटा शेवटी चुलीपर्यंत आला.

आणि या पिकाचं पुढे काय होतं? दाण्याचं तेल काढतात. उरलेली पेंड कोंबड्यांच्या खाद्याला आणि परदेशी जाते. आयसोफ्लेव्होन तेलात जवळपास उतरतच नाहीत, ते पेंडीत राहतात. प्रथिनंही पेंडीतच राहतात. म्हणजे ज्या बाईने सोयाबीन पिकवलं तिच्या घरात येतं ते पिशवीतलं तेल. जी ज्वारी आणि जो मूग तिच्या ताटात होता, तो आता विकत आणावा लागतो. आणि वर तिला सांगायचं, की सोयाबीनच्या गोळ्या घे!

पाळी जाण्याचं वयही आपल्याकडे अमेरिका-युरोपापेक्षा अलीकडे आहे, साधारण शेहेचाळीस-सत्तेचाळीस. पण कितीतरी बायकांची पाळी वयाने जात नाही, कात्रीने जाते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याचा प्रश्न २०१९ साली पुढे आला, तेव्हा राज्य सरकारने समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती, म्हणजे दर सहा जणींत एक. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांत देशभराचं प्रमाण ३.३ टक्के, म्हणजे तीस जणींत एक असं आहे. दोन्ही पाहण्या तंतोतंत सारख्या नाहीत, तरी एवढी तफावत कशाने पडते ते आपल्याला माहीत आहे. उचल घेतलेली, खाडा केला की पैसे कापले जाणार, फडावर संडास नाही, पाणी नाही, अंगावरून जातंय म्हणून दवाखान्यात गेलं की ‘पिशवी काढून टाका, कटकट मिटेल.’ पिशवीबरोबर अंडाशयही काढले तर पस्तिशीतल्या बाईला एका रात्रीत पाळी गेल्याचे सगळे त्रास सुरू होतात. अंडाशय ठेवले तरी ते सरासरीने लवकर थकतात. पुढे हाडं ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. या बाईच्या पोटात इक्वॉल बनतं की नाही, हा प्रश्न विचारण्याआधी तिची पिशवी कुणी आणि का काढली, हा प्रश्न विचारावा लागेल.

मग विज्ञान नको का?

काही मैत्रिणी म्हणतील, तुम्हाला प्रत्येक गोष्टीत बाजारच दिसतो. बायकांना खरोखर त्रास होतो त्याचं काय? प्रश्न रास्त आहे. वाफा, झोप उडणं, धडधड, योनीचा कोरडेपणा, उदासी हे खरे त्रास आहेत आणि ‘आमच्या आईला नव्हतं काही असलं’ म्हणून ते उडवून लावणं हाही बाईवरचा अन्यायच. संप्रेरकांच्या उपचारांचा इतिहास बघितला तर दोन्ही बाजूंची घाई दिसते. आधी ‘कायम तरुण राहा’ म्हणून ते सरसकट विकले गेले. २००२ साली अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासाचा एक भाग धोके दिसल्यामुळे थांबवला, तेव्हा सरसकट घबराट पसरली आणि ‘नैसर्गिक’ म्हणून सोयाबीनच्या गोळ्यांचं फावलं. नंतर वयानुसार आकडे पाहिल्यावर कळलं, की साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षांच्या आत असलेल्या, दुसरी जोखीम नसलेल्या बाईला तीव्र त्रास असेल तर फायदा सहसा धोक्यापेक्षा जास्त असतो. तेव्हा अशा बाईने डॉक्टरांकडे जावं, विचारावं, आणि तिला नीट उत्तर मिळावं. ‘नैसर्गिक’ हा शब्द काही सुरक्षिततेचा दाखला नव्हे, आणि ‘संप्रेरक’ हा शब्द मृत्युपत्र नव्हे.

सोयाबीनच्या भीतीचंही तसंच. चीनमधल्या शांघायमध्ये स्तनाचा कर्करोग झालेल्या पाच हजारांवर बायकांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. आहारात सोयाबीन जास्त असणाऱ्यांत रोग उलटण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं. हा आहारातल्या सोयाबीनचा अनुभव आहे, गोळ्यांचा नव्हे. कर्करोगाचे उपचार चालू असणाऱ्या बाईने गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नयेत. थायरॉइडची गोळी घेणाऱ्या बाईने ती गोळी आणि सोयाबीनचं खाणं यांत काही तासांचं अंतर ठेवावं, नाहीतर गोळी नीट शोषली जात नाही. आणि पुरुष बायकी होतील ही भीती! पुरुषांच्या संप्रेरकांवर सोयाबीनचा परिणाम दिसत नाही, असं प्रयोगांचे एकत्रित आढावे सांगतात. पण ‘बायकी होणं’ ही एवढी मोठी आपत्ती का वाटते, यावर खरं तर वेगळाच लेख लिहावा लागेल.

आपण विज्ञानाच्या विरोधात कधीच नव्हतो. १९८०च्या दशकात ईपी फोर्टच्या गोळ्यांविरुद्ध मोहीम झाली, १९८६ साली नेट-एन इंजेक्शनाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका गेली, तेव्हा कार्यकर्त्यांनी औषधशास्त्राचे कागद वाचूनच प्रश्न विचारले होते. प्रयोग कुणावर केला, कुणाच्या पैशाने केला, बाईला काय सांगून केला? हेच तीन प्रश्न आजही पुरेसे आहेत.

गटांनी काय करावं?

सोयाबीन खावं का? जरूर खावं, परवडतं आणि आवडतं तर. स्वस्तात चांगली प्रथिनं मिळतात. भाजून पिठात मिसळावं, नीट शिजवून खावं, कच्चं खाऊ नये. पण ते अन्न म्हणून खावं, मात्रा म्हणून नव्हे. तीळ आणि जवसातही अशीच द्रव्यं असतात आणि आतड्यातले जीवाणूच त्यांचंही रूप बदलतात. तेव्हा जवसाची चटणी आपल्या ताटात परत आली तर आनंदच आहे. फक्त तिच्याही नावाने चमत्कार विकू नयेत. हे जीवाणू औषधांनीही मारले जातात. फिनलंडमधल्या एका अभ्यासात प्रतिजैविकं घेतलेल्यांच्या रक्तात जवस-धान्यांपासून बनणारं द्रव्य कमी आढळलं होतं. साध्या सर्दीला प्रतिजैविकांची पुडी बांधून देणाऱ्या डॉक्टरला ‘हे कशाला?’ असं विचारायची सवय आपण लावून घेतली पाहिजे.

त्यापुढची कामं गटाची आहेत. एका बैठकीत नुसतं पाळी जाण्याबद्दल बोलू या. कोणाला काय होतं, कोणत्या वयात, कोणती कामं करताना. गावातल्या किती जणींच्या पिशव्या काढल्या, कोणत्या वयात, कागद हातात दिले का, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतलं का, याची नोंद करू या. प्राथमिक आरोग्य केंद्रात गर्भारपण आणि कुटुंबनियोजन संपल्यावर बाईही संपते, तिथे पंचेचाळिशीपुढच्या बाईसाठी रक्तदाब, साखर, हाडं, मन यांची तपासणी आणि बोलायला माणूस असला पाहिजे, अशी मागणी लावून धरू या. इथे सांगितलेले इक्वॉलचे आकडे जपान, चीन, कोरिया, अमेरिका, युरोपातले आहेत. ज्वारीची भाकरी आणि तुरीचं वरण खाणाऱ्या बाईच्या पोटात काय घडतं, त्याचा अभ्यास सार्वजनिक पैशातून व्हायला हवा, आणि त्याचं उत्तर आधी तिला, तिच्या भाषेत, मिळायला हवं.

इक्वॉल बनवणारी आणि न बनवणारी अशा बायकांच्या दोन जाती आपल्याला नको आहेत. दोघींनाही पोटभर अन्न, दुपारची घटकाभर पाठ टेकण्याची सोय, कामाचा पुरता दाम आणि आपल्या शरीराबद्दल खरं सांगणारा दवाखाना हवा आहे. तो मागायला लघवीच्या तपासणीची गरज नाही.